घर्षण नगण्य समजा

फिजिक्सच्या प्रत्येक टी.वाय.च्या वर्गात एक शंकासुर असतो. एकच असतो. दोन असते तर सिलॅबस कधीच पुरा झाला नसता आणि सरांनी व्हीआरएसचा फॉर्म मागवला असता. तास संपत आलेला असतो, सरांनी डस्टर उचललेलं असतं, मागच्या बाकांवर दप्तरांच्या चेनी ओढल्या जात असतात आणि नेमका तेव्हा याचा हात वर जातो. 'सर, एक छोटीशी शंका.' वर्गाला धसका बसतो तो या 'छोटीशी'चा.

शंका इतरांनाही असतात. 'सर, हे डेरिव्हेशन परीक्षेला आहे का?', 'किती मार्कांना येतं?' अशा निकोप, उत्तर देता येण्याजोग्या. शंकासुराचं भांडण असतं ते उदाहरणाच्या पहिल्याच ओळीशी. घर्षण नगण्य समजा, दोरी वजनरहित माना, तारेचा रोध शून्य धरा. आपण निमूट समजतो, मानतो, धरतो. याच्या मात्र घशाखाली ते उतरत नाही. (स्वतःपुरती त्याने हजेरी, मेसचं बिल आणि आंघोळ केव्हाच नगण्य धरलेली असतात, तो भाग वेगळा.)

शिडीचंच उदाहरण घ्या. भिंतीला शिडी टेकलीय, खालचं टोक ठराविक वेगाने ओढलं, तर वरचं टोक किती वेगाने खाली येईल? पायथागोरस लावायचा, एकदा डिफरन्शिएट करायचं, मार्क खिशात. शंकासुराने त्याच सूत्रात शिडी पार जमिनीला टेकवून पाहिली. वेग आला अनंत. 'सर, शिडी प्रकाशाच्या पुढे गेली!' सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. शिडी तिथेच होती. दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन हाच हजर: शिडी शेवटपर्यंत भिंतीला चिकटून राहतच नाही! घर्षण नसेल आणि शिडी आपली आपण घसरू दिली, तर वरचं टोक मूळ उंचीच्या 2/3 वर आलं की ती भिंत सोडते. फळ्याच्या कोपऱ्यात त्याने हे करूनही दाखवलं. सर मनापासून खूश झाले. म्हणाले, 'उत्तम. पेपरात लिहू नकोस.'

मग कपॅसिटर. एक भारित, दुसरा तसाच पण रिकामा; दोन्ही जोडले की निम्मी ऊर्जा गायब. 'तारेत उष्णता झाली,' सर म्हणाले. 'तारेला रोधच नसेल तर?' 'तर प्रवाह मागे-पुढे हेलकावे खाईल आणि ऊर्जा विद्युतचुंबकीय लहरींच्या रूपाने बाहेर जाईल.' एवढं बोलून सरांनी पुस्तक मिटलं. 'मग सर, शेजारच्या रेडिओत खरखर ऐकू येईल?' पुस्तक पुन्हा उघडावं लागलं.

क्वांटममध्ये तर त्याला रानच मोकळं. पेटीतला कण दुसऱ्या पातळीवर असला, तर डावीकडे सापडतो, उजवीकडे सापडतो. बरोबर मध्यावर सापडण्याची शक्यता शून्य. 'मग तो इकडून तिकडे जातो कसा?' खरं तर हा प्रश्न वर्गातल्या प्रत्येकाला पडलेला असतो. विचारतो हा एकटा. कण छोट्या गोळीसारखा ये-जा करतो हे आपलंच गृहीतक, ते आधी सोडायला हवं, असं सर सांगतात. त्यावर याचा चेहरा असा होतो, की शेवटी सरच म्हणतात, 'तू आधी नॉर्मलायझेशन कर.' डेव्हिड मर्मिन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने 1989 साली क्वांटमच्या कोपनहेगन अर्थाचं सार 'गप्प बसा आणि गणित करा' अशा आशयाच्या एका वाक्यात सांगितलं होतं. आमच्याकडच्या सरांना त्यासाठी मर्मिन वाचावा लागला नाही.

मार्क? बेताचेच. पाच प्रश्नांपैकी कोणतेही तीन सोडवायचे असतात. हा पहिल्याच प्रश्नातल्या गृहीतकाशी हुज्जत घालत दोन पुरवण्या जोडतो. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री अख्खं होस्टेल याच्याच खोलीत गणितं समजून घ्यायला जमलेलं असतं. कृतघ्न जात!

पण त्याचं खरं तेज दिसतं प्रॅक्टिकलच्या परीक्षेत. केटरच्या लंबकाने गुरुत्वत्वरण काढायचं असतं. सगळ्यांच्या जर्नलात एकमताने 980.6. शंकासुराचं 969, सोबत त्रुटींवर दीड पान. बाहेरगावच्या कॉलेजातून आलेल्या एक्स्टर्नल सरांना साडेचारची एसटी गाठायची असते. ते घाईघाईने विचारतात, 'अरे, तुझंच एवढं कमी कसं आलं?'

'सर, माझं चुकलंच आहे. टेबल हलतं. पण आपल्याकडे ते 978 च्या आसपास यायला हवं. 980.6 येतं 45 अंश अक्षांशावर, समुद्रसपाटीला. म्हणजे बाकी सगळ्यांनी प्रॅक्टिकल फ्रान्समध्ये केलंय.'

एक्स्टर्नल सर जर्नलांच्या गठ्ठ्याकडे बघतात, मग घड्याळाकडे, मग आमच्या सरांकडे. आमचे सर दाराकडे तोंड करून लॅबमधल्या मामांना हाक मारतात, 'मामा, चहा सांगा.'

'दोन ना?'

'तीन. आणि साडेपाचला एसटी आहे का, तेही विचारून या.'