डोमिसाइल मामा

परभणी जिल्ह्यातल्या वालूरच्या स्टँडवर नवखा माणूस उतरला की बाकीचे लोक विचारतात, "कोणाकडं आलात?" डोमिसाइल मामा विचारतात, "दहावी कुठून? बारावी कुठून?" दोन्ही महाराष्ट्रातून असेल तर मामांचा चेहरा सैल होतो आणि चहा सांगितला जातो. बारावी बाहेरची निघाली, तर मात्र मामा त्याच्याकडं असं बघतात, जणू त्याचा रिपोर्ट त्यांनी वाचलाय आणि आता घरच्यांना कसं सांगायचं एवढाच प्रश्न उरलाय. मग तो माणूस पन्नाशीचा का असेना, आणि कीटकनाशकं विकायला का आलेला असेना.

रेशनकार्डावर त्यांचं वेगळं नाव आहे, पण ते रेशन दुकानदारालाही आठवत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत कारकुनी करून ते निवृत्त झाले. आयुष्यभर टी.सी. लिहिल्या. कोण कुठं जन्मला, कुठून आला, कुठं गेला, याचे रकाने भरले. निवृत्त झाल्यावर माणसं देवाकडं वळतात, मामा कॉलेजांचे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलकडं वळले.

जून उजाडला की त्यांच्या ओसरीला तालुक्याच्या, म्हणजे सेलूच्या, तहसील कचेरीची कळा येते. बाजेवर फायली, फायलींवर विटा, विटांवर मामांचा चष्मा. तलाठ्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, कृषी पदवीला जायचं असेल तर जादा गुणांसाठी सातबारा. आणि या सगळ्यांचं दैवत म्हणजे वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र, म्हणजेच डोमिसाइल. ते हातात घ्यायच्या आधी मामा हात धुतात, हे मी स्वतः पाहिलंय. "पंधरा वर्षं राहावं लागतं बाबा या राज्यात, तवा मिळतंय हे," असं ते सतरा वर्षांच्या पोराला सांगतात. बिचाऱ्याने दुसरीकडं कुठं राहायचा कधी विचारही केलेला नसतो.

मामा पैसे घेत नाहीत. प्रत्येक कागदाची एक झेरॉक्स तेवढी ठेवून घेतात, "रेकॉर्डला". त्यामुळं अर्धं वालूर त्यांच्या ट्रंकेत आहे. कुणाचा कागद हरवला तर लोक आधी ट्रंक उघडायला लावतात, मग तहसीलला जातात.

माणसांचे प्रकार त्यांनी इंजिनिअरिंगच्या प्रवेशनियमांतून उचललेत. ए टाइप म्हणजे इथंच शिकलेला, इथलाच. बी म्हणजे स्वतः बाहेर शिकला, पण आईबापाचं डोमिसाइल इथलं. सी आणि डी म्हणजे आईबाप सरकारी नोकरीत, सी केंद्राच्या, डी राज्याच्या. आणि ई टाइप म्हणजे कर्नाटकातल्या वादग्रस्त सीमाभागातला. ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्र हक्क सांगतो, तिथली पोरं महाराष्ट्राचीच धरली जातात. मामांना ई टाइपबद्दल अतोनात आदर. "राहायचं तिकडं अन् कोटा इकडचा, याला म्हणतात निष्ठा!" गावातल्या एका लग्नात निपाणीचा पाहुणा आला होता. मामांनी वाढप्याच्या हातातलं ताट ओढून घेतलं आणि त्याला स्वतः जिलबी वाढली. पाहुण्याला मधुमेह होता. पण आपण कोणत्या टाइपचे आहोत हे त्याला पहिल्यांदाच कळलं होतं, म्हणून त्यानं खाल्ली.

त्याच नियमांतला होम युनिव्हर्सिटीचा भाग मामा संसारातही वापरतात: बहुतेक जागा आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतल्यांना, हद्दीबाहेरच्यांना तीस टक्के. परभणी जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात, जालना जिल्हा संभाजीनगरच्या विद्यापीठात. सेलूहून मनमाडच्या बाजूनं गाडीत बसलं की थोड्याच वेळात परतूर येतं, पण परतूर जालन्यात. मामांची सून परतूरची. सोयरीक ठरली तेव्हा मामा म्हणाले होते, "पोरगी चांगली हाये, पण अदर दॅन होम युनिव्हर्सिटी पडती." मामी म्हणाल्या, "मग तीस टक्क्यांत बसवा." सून बसली. आज ती मामांचे ऑनलाइन अर्ज भरते, कॉलेजांच्या पसंतीचे ऑप्शन फॉर्म लॉक करते, आणि ओटीपी कुणाच्या मोबाइलवर आला यावरून सासऱ्याला झापते.

वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव बघायला लांबलांबची माणसं येतात. अशी बारव फारशी कुठं नाही म्हणतात. गावकऱ्यांनी तिच्यातला गाळ काढून ती पुन्हा उघडी केली, तेव्हापासून कॅमेरेवाल्यांची ये-जा वाढली. मामा त्यांना बारव दाखवायला आवर्जून जातात. खाली उतरेपर्यंत इतिहास सांगतात, वर येईपर्यंत फी-माफी. पुण्याच्या एका फोटोग्राफरला पायऱ्यांच्या वळणावर गाठून त्यांनी विचारलं होतं, "मुलगी हाये का तुम्हाला? उत्पन्न आठ लाखांच्या आत हाये का?" होतं म्हणे. मग २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालं, त्याआधी ते निम्मंच होतं, पण प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारी प्रवेशफेरीतूनच पाहिजे, हे सगळं त्या माणसानं उन्हात उभं राहून ऐकलं. फोटो राहून गेले.

आता हे वेड कुठून आलं, तर त्याला कारण आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. थोरल्या बहिणीच्या पोराला इंजिनिअर व्हायचं होतं. महाराष्ट्रात तेव्हा सरकारी कॉलेजं मोजकी, आणि ज्याच्या गाठीला पैसा तो कर्नाटकाची वाट धरायचा. भाचाही सीमेपलीकडच्या एका कॉलेजात गेला. देणगी वेगळी, आणि बाहेरच्या राज्याचा म्हणून फी वेगळी. मामा तेव्हा नुकते नोकरीला लागलेले, पण मामा होते. बैलजोडी विकली. भाचा गेला, आणि पाठोपाठ १९८३ साली वसंतदादा पाटलांनी महाराष्ट्रात विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. मामा आजही वसंतदादांचं नाव निघालं की हात जोडतात आणि म्हणतात, "थोर माणूस. एक वरीस उशीर केला."

तेव्हापासून 'बाहेरचा' या शब्दानं त्यांचं पित्त खवळतं. खरं तर बाहेरचा कोण, याची गंमत त्यांच्याइतकी कुणालाच ठाऊक नसावी. मामा जन्मले तेव्हा वालूर हैदराबाद राज्यात होतं. बाळ दुडूदुडू चालायला लागलं तेव्हा, १ नोव्हेंबर १९५६ ला, ते द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलं. शाळेत घालायच्या सुमाराला, १ मे १९६० ला, महाराष्ट्र झाला. गाव न सोडता मामा पाच-सहा वर्षांत तीन राज्यांत राहून आले. "तवा कोणी डोमिसाइल मागितलं असतं तं मी कोणतं दिलं असतं?" असं विचारून ते स्वतःच हसतात. मग लगेच गंभीर होतात, कारण त्यांना खरोखर उत्तर हवं असतं.

एकादशीला देवळात लोक कीर्तनाला जमतात, पण बुवांना एसटी मिळाली नाही तर मामा उठतात. त्यांचं आख्यान ठरलेलं, १९५५ चं. इंदूरचं मेडिकल कॉलेज. तेव्हा मध्य भारत नावाचं राज्य होतं. तिथल्या पोरांना जादा फी माफ, बाहेरच्यांना मात्र भरावी लागे. दिल्लीचा एक विद्यार्थी सुप्रीम कोर्टात गेला. राज्यघटना जन्मस्थानावरून भेदभाव करू नका म्हणते, मग हा काय प्रकार, असं त्याचं म्हणणं. पाच न्यायमूर्ती बसले. मामा इथं थांबून पाणी पितात. "चार विरुद्ध एक! कोर्ट म्हणलं, जलम कुठं झाला हे येगळं अन् राहणं कुठं हे येगळं. राहण्यावरून फी कमी-जास्त केली तं चालतंय." लोक "पुंडलिक वरदे" म्हणून मोकळे होतात. एका म्हातारीनं मला विचारलं होतं, "त्या दिल्लीच्या लेकराचं पुढं काय झालं रे?" मामांना हा प्रश्न कधी पडला नव्हता.

अर्ज भरून घेणाऱ्या पोरांना मामांची खरी भीती वाटते ती अकरावीच्या वेळी. गावातल्या एका सधन घरानं पोरगा राजस्थानात शिकायला पाठवायचं ठरवलं, तिथंच शाळा, तिथंच क्लास. मामा अंगणात जाऊन उभे राहिले. "लातूरला घाला, नांदेडला घाला, पण तिकडं नका. बारावी तिकडची झाली की मेडिकलला राज्याच्या पंच्याऐंशी टक्क्यांतून नाव कटलं. लेकरू कोट्याला जाईल अन् कोटा जाईल!" घरच्यांनी ऐकलं. पोराला पुढं डॉक्टर व्हायचंच नव्हतं, तो मुंबईत ॲनिमेशन शिकतो. पण कोटा वाचला.

मामांच्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा आणि सर्वांत वाईट दिवस एकच. वैद्यकीय प्रवेशाचं सत्तर-तीसचं सूत्र होतं. ज्या विभागात कॉलेज, तिथं बारावी झालेल्यांना सत्तर टक्के जागा, उरलेल्या विभागांना तीस. महाराष्ट्राचे तीन तुकडे: विदर्भ, मराठवाडा, उर्वरित. उर्वरितात कॉलेजंच कॉलेजं, आणि मराठवाड्यात सरकारी म्हणाल तर संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड, लातूर. म्हणजे चांगले गुण मिळवूनही आपलं लेकरू दाराबाहेर, आणि तिकडचं कमी गुणांवर आत. मामांनी यावर बोलून बोलून दोन कवळ्या बदलल्या. सप्टेंबर २०२० मध्ये वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी हे सूत्र रद्द झाल्याचं विधिमंडळात जाहीर केलं. करोनाचे दिवस होते. मामांनी तोंडाला उपरणं बांधून गावभर पेढे वाटले.

संध्याकाळी मी गेलो तर ओसरीत अंधार. मामा बाजेवर आडवे.

"मामा, लाइट गेली का?"

"लाइट हाये. माझंच गेलं."

"काय गेलं?"

"अरे, सत्तर-तीसचं समदं गणित मला तोंडपाठ होतं. तीन विभाग, तीन याद्या, कोणाला कुठं लागतंय, कोणाला कुठं न्हाई. परभणी जिल्ह्यात माझ्यासारखा माणूस नव्हता. आता ते कोणाला सांगू?"

अन्याय गेला, आणि त्याच्यासोबत त्याच्यातला सर्वांत मोठा तज्ज्ञही बेकार झाला. आठवडाभर मामा नुसते सातबारे वाचत होते. २०२३ ला परभणीतच सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, तेव्हा कुठं त्यांना थोडं बरं वाटलं. शंभर जागा, म्हणजे शंभर नवे कटऑफ.

जानेवारी २०२५ मध्ये आणखी एक धक्का बसला. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशात रहिवासावरून आरक्षण देता येणार नाही, ते घटनेविरुद्ध आहे, असं सुप्रीम कोर्ट म्हणालं. आपण सगळे भारताचेच रहिवासी, अधिवास एकच. पेपर वाचून मामांनी जेवणाचं ताट सरकवलं. मामींनी विचारलं, "कोण वारलं?" मी समजावलं की एमबीबीएसला हात लावलेला नाही. मग त्यांनी भाकरी कुस्करली. पण दोन घास खाऊन म्हणाले, "एकच डोमिसाइल म्हणजे... काश्मीरवाला अन् वालूरवाला एकच?" मामी म्हणाल्या, "पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली तुम्हीच तर म्हणता तसं." मामांना ते पटलं, पण भाषणात बोलायची गोष्ट कागदावर आलेली त्यांना आवडली नव्हती.

आता परवाची गोष्ट. वालूरचाच एक मुलगा अमेरिकेत असतो. न्यू जर्सीहून आठ महिन्यांपूर्वी टेक्सासला गेला, आणि त्याची मुलगी आता कॉलेजात जायची. त्यानं मला व्हिडिओ कॉल करून सहज सांगितलं की तिथंही राज्यातल्या मुलांना सरकारी विद्यापीठाची फी कमी आणि बाहेरच्यांना तिप्पट-चौपट. मामा शेजारी बसले होते. त्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"म्हणजे अमेरिकेतबी डोमिसाइल हाये?"

"आहे की, मामा. ऑस्टिनच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला दहातली नऊ पोरं टेक्सासचीच असतात."

"नव्वद-दहा!" मामांचा आवाज चढला. "आपलं पंच्याऐंशी-पंधरा. हे लोक आपल्या पुढं हैत! अन् किती वर्षं राहावं लागतंय?"

"बारा महिने."

"महिने?" मामांनी माझ्याकडं पाहिलं. पंधरा वर्षांची आपली तपश्चर्या आणि यांचे बारा महिने! पण लगेच बोटं मोजायला लागले. "आठ झाले. चार राहिले. घराचा भाडेकरार कोणाच्या नावावर हाये? लाइट बिल? गाडीचं लायसन काढलं का तिथलं? काढ. अन् तिथला तलाठी कोण असतो?"

तो हसत म्हणाला तलाठी नसतो. मामांना हे खरं वाटलं नाही. त्यांनी वही मागवली, चार महिन्यांचा तक्ता आखला, कोणत्या महिन्यात कोणता कागद ते लिहून दिलं. मग मुलीला बोलवायला सांगितलं. पोरगी आली, नमस्कार केला आणि चांगल्या मराठीत म्हणाली, "आजोबा, मला टेक्सासमध्ये राहायचंच नाही. मैत्रिणी कॅलिफोर्नियाला चालल्यात, मी पण तिकडंच जाणार."

मामांनी फोनवर हात ठेवला. मला म्हणाले, "पाणी आण." पाणी पिऊन झालं. मग हात काढला आणि आवाज अगदी मऊ करून विचारलं, "पोरी, ऑप्शन फॉर्म अजून लॉक नाही ना केलास?"