लेबल मशीन बंद पडल्याबाबत

विषय : कार्यालयातील हातात धरावयाचे लेबल मशीन बंद पडल्याबाबत.
संदर्भ : साहेबांनी केबिनच्या दारातून विचारलेला प्रश्न, "ते चालतंय का नाही?"

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, मशीन चालत नाही. कधीपासून चालत नाही, याबाबत कार्यालयात एकवाक्यता नाही. आस्थापना शाखा म्हणते, लेखा शाखेनं नेलं तोवर ठणठणीत होतं. लेखा शाखा म्हणते, आमच्याकडे आलं तेच असं. हा वाद मिटण्याची वाट पाहू नये, ही या मार्गदर्शनातली पहिली सूचना. दुसरी सूचना, मशीन टेबलावर आपटू नये. आपटल्यावर ते कधीकधी चालू होतं, आणि मग तोच उपाय रूढ होऊन पुढच्या बदलीवर आलेल्यांनाही कार्यभारासोबत सोपवला जातो.

आता मुख्य अडचण. मशीन जडसंग्रह नोंदवहीत चढलेलं आहे. ज्यांच्या नावावर ते चढलंय त्या भांडारातल्या मॅडम त्याला हात लावणार नाहीत, कारण काही मोडलं तर वसुली त्यांच्याकडून. बाकीचे हात लावणार नाहीत, कारण ते त्यांच्या नावावर नाही. त्यामुळे लेबल मशीनच्या दुरुस्तीत सर्वांत अवघड काम म्हणजे त्याचं मागचं झाकण उघडणं. त्याला स्क्रू नसतो, खाच असते, अंगठ्यानं दाबलं की निघतं. एवढ्यासाठी "मान्यतेस्तव सादर" अशी टिपणी लिहून ती तीन टेबलांवरून फिरवणारी कार्यालयं आहेत. टिपणी परत येते तेव्हा तिच्यावर "चर्चा करावी" असा शेरा असतो.

चर्चा करू नये. झाकण उघडावं.

आत सेल दिसतील. मशीनच्या जातीप्रमाणे चार किंवा सहा, आणि बहुधा छोटे पेन्सिल सेल. बंद पडलेल्या लेबल मशीनचा बहुतेक वेळा हाच शेवट असतो आणि हीच सुरुवात. पण इथे एक युक्तिवाद हमखास होतो : "स्क्रीन तर लागतेय, म्हणजे सेल चांगले आहेत." हा युक्तिवाद ऐकून घ्यावा आणि बाजूला ठेवावा. स्क्रीन लावायला आणि अक्षरं टाइप करायला वीज अगदी चिमूटभर लागते. छपाईचं बटण दाबलं की मात्र पट्टी ओढणारी मोटर आणि अक्षरं उमटवणारं तापतं हेड अशी दोन गिऱ्हाइकं एकदम दारात उभी राहतात. थकलेल्या सेलचा दाब त्या क्षणी कोसळतो आणि मशीन मान टाकतं. तेव्हा "टाइप होतं, पण प्रिंट दिलं की बंद पडतं" हे लक्षण दिसलं तर निदान झालं. मदरबोर्ड, व्हायरस आणि चायना माल या तिन्ही शंका मागे घ्याव्यात.

हुशार लोक या टप्प्यावर साहेबांच्या एसीच्या रिमोटकडे पाहतात. रिमोट त्या सेलांवर वर्षभर चालला, म्हणजे सेल मजबूत, असा हिशेब. तो उलटा आहे. रिमोटची भूक इतकी कमी असते की मरणासन्न सेलसुद्धा त्याला पोसतो. तोच सेल लेबल मशीनमध्ये दोन अक्षरंही काढणार नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढण्यातही अर्थ नाही. तो बहुधा मोठ्या मापाचा असतो, मशीनमध्ये बसत नाही, आणि परत लावायचा राहून गेला की घड्याळ अकरा वाजून दहा मिनिटांवर थांबतं. पूर्वी यातून लेटमार्कच्या बाबतीत थोडा दिलासा मिळत असे. बायोमेट्रिक आल्यापासून तोही गेला.

सेल बदलायचे तर सगळे एकदम बदलावेत. "दोन नवीन घाला, बाकीचे आहेत की चांगले" ही काटकसर महागात पडते. एका रांगेत जोडलेल्या सेलांमध्ये सगळ्यांत कमजोर जो असेल तो आधी रिकामा होतो, आणि उरलेले त्याच्यातून जबरदस्तीनं प्रवाह ढकलत राहतात. मग तो गळतो. झिंक-कार्बनचे स्वस्त सेलही इथे कामाचे नाहीत, त्यांना एकदम जास्त प्रवाह देणं झेपत नाही. अल्कलाइन घ्यावेत. रिचार्जेबल घालायचे असतील तर आधी मशीनला ते चालतात का, हे पुस्तिकेत पाहावं. अल्कलाइन सेल दीड व्होल्टचा, रिचार्जेबल एक पूर्णांक दोन दशांश व्होल्टचा. सहा सेलांत नऊ व्होल्टऐवजी सात पूर्णांक दोन दशांशच मिळतात, आणि काही मशीनं एवढ्यावर सेल भरलेले असतानाही ते संपल्याचं सांगू लागतात. खरेदी सादिलवार खर्चातून करावी. सेल उपभोग्य वस्तूंत मोडतात, जडसंग्रहात नाही. हा मुद्दा लेखा शाखेशी बोलताना लागेल.

ॲडाप्टरबद्दल थोडक्यात सांगतो, पण हे लक्ष देऊन वाचावं. "पिन बसली म्हणजे ॲडाप्टर चालतो" या समजुतीनं मेलेल्या मशीनांना सेल बदलून काही होत नाही. बऱ्याच लेबल मशीनांना नऊ व्होल्ट लागतात आणि त्यातल्या अनेकांच्या ॲडाप्टरमध्ये मधली पिन ऋण असते. कोपऱ्यातल्या राउटरच्या ॲडाप्टरमध्ये ती बहुतेक वेळा धन असते, आणि व्होल्टही अनेकदा बारा. दोन्ही ॲडाप्टरांवर अधिक-उणेची खूण छापलेली असते. ती किंवा व्होल्ट जुळत नसतील तर राउटरला त्याच्या जागी राहू द्यावं.

सेल नवे घातले आणि मशीन चालू झालं, पण पट्टी कोरी बाहेर आली, तर कॅसेटकडे वळावं. कॅसेट खाली टक्क आवाज येईपर्यंत दाबलेली नसते, किंवा तिच्यातली शाईची फीत सैल पडलेली असते. चाळिशी ओलांडलेल्यांना इथे प्रशिक्षणाची गरज नाही. गाण्यांची कॅसेट पेन्सिलीनं फिरवून घट्ट करायचो, तसंच करायचं, फक्त कॅसेटवर दाखवलेल्या बाणाच्या दिशेनं. बाहेर आलेली पट्टी हातानं ओढू नये. ओढली की शाईची फीतही पट्टीसोबत बाहेर येते आणि कॅसेट गेली. कॅसेटची किंमत पाहिली की हा नियम आपोआप पाळला जातो. मशीन एकदाच घ्यावं लागतं, कॅसेट जन्मभर, हे विकणाऱ्यांनी फार आधी ओळखलं होतं.

काही कॅसेटांत पारदर्शक पट्टी, शाईची फीत आणि मागची चिकट पट्टी अशा वेगवेगळ्या गुंडाळ्या असतात. अक्षरं पारदर्शक पट्टीच्या आतल्या बाजूला उलटी छापली जातात आणि वर चिकट पट्टी येऊन बसते, त्यामुळे शाई मधोमध सापडते आणि ओल्या हातानं पुसली जात नाही. कॅसेट उघडून आत डोकावणारा एखादा जिज्ञासू "अक्षरं उलटी येतायत" असा अहवाल देईल. अहवाल स्वीकारू नये. दुसरी जात शाईविना चालते, तिच्यात पट्टीच उष्णतेनं काळी होते. असलं लेबल कॅन्टीनच्या शेगडीजवळच्या डब्याला लावलं तर काही दिवसांत डब्याला काळं फासल्यासारखं दिसतं. तो मशीनचा दोष नाही, लावणाऱ्याच्या विचारशक्तीचा आहे.

पट्टीवर अचानक रेघाच रेघा आल्या, तर मशीन बिघडलेलं नाही. अनेक कॅसेटांत शेवटचा तुकडा मुद्दाम रेघांचा ठेवलेला असतो, म्हणजे पट्टी संपली. "पण परवाच नवीन घातली होती!" अशी तक्रार येईल, आणि ती खोटी नसेल. बहुतेक मशीनांत छापणाऱ्या हेडपासून कापणाऱ्या पात्यापर्यंत साधारण एक इंच अंतर असतं. प्रत्येक लेबलच्या सुरुवातीला तेवढी पट्टी कोरी निघते. "आवक" एवढं लिहायला तीन सेंटिमीटर लागले, तर अडीच सेंटिमीटर कोरे गेले. आठ मीटरच्या कॅसेटमधली जवळपास निम्मी पट्टी अशी कचऱ्यात जाते. लेखापरीक्षणात दीडशेपेक्षा कमी लेबलांत एक कॅसेट कशी संपली, असा प्रश्न आला तर हे उत्तर द्यावं. उपाय मात्र आहे. समासाची सेटिंग कमी करावी, किंवा मशीनमध्ये साखळी छपाईची सोय असेल तर दहा-बारा लेबलं एकापाठोपाठ छापून मग कापावीत. त्यासाठी दहा-बारा लेबलं काय लागणार हे आधी ठरवावं लागतं, आणि तिथेच बहुतेक कार्यालयांचा उपाय संपतो.

अक्षरं येतात पण लेबलच्या लांबीभर मधून एक पांढरी रेघ जाते, असं असेल तर हेडवर कचरा बसलेला आहे. हेड म्हणजे पट्टीच्या रुंदीत मांडलेली बारीक तापणाऱ्या बिंदूंची ओळ, बऱ्याच मशीनांत इंचाला १८०. त्यातला एक बिंदू झाकला गेला की त्याची जागा सगळ्या लेबलभर कोरी राहते. मशीन बंद करून, कॅसेट काढून, कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून हेड हलकेच पुसावं. कपाटावर अजून पाच लिटरचा सॅनिटायझरचा कॅन उभा असेल, पण तो वापरू नये. सॅनिटायझरमध्ये सहसा ग्लिसरीन असतं, ते हेडवर चिकट थर सोडतं. पुसून, वाळवूनही रेघ राहिली तर तो बिंदू जळालेला आहे, आणि दुरुस्तीचा खर्च नव्या मशीनच्या घरात जातो.

पातं हा या मशीनचा सगळ्यात गैरसमज झालेला अवयव. छपाई चालू असताना कापायचं बटण दाबलं की पट्टी आत अडकते. लेबल पूर्ण बाहेर येऊन मोटरचा आवाज थांबेपर्यंत थांबावं. या थांबण्याला पाच सेकंदही लागत नाहीत, आणि तेवढ्यातच बोटं शिवशिवतात. पात्याला गोंद लागला असेल तर तोही अल्कोहोलनंच पुसावा, आणि बोट वाचवावं, कारण मशीन चालो न चालो, पातं चालत असतं.

इतिहासाबद्दल कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. आधी खुर्च्या-कपाटांवर पेंटर पांढऱ्या तैलरंगानं जडसंग्रहाचा क्रमांक घालायचा, आणि तो खुर्ची मोडली तरी जात नसे. १९५८ साली कॅलिफोर्नियात डायमो कंपनी सुरू झाली आणि हातानं दाबायचं मशीन आलं. चाकावरचं अक्षर फिरवून जोरात दाबलं की प्लास्टिकच्या पट्टीवर ते उठायचं. प्लास्टिक ताणलं गेलं की ते तिथे पांढरं पडतं, म्हणून शाईची गरजच नव्हती. सेल नाही, फीत नाही, स्क्रीन नाही. पट्टी अडकली तर अडकली, बाकी बंद पडायला त्यात काही नव्हतंच. १९८८ मध्ये ब्रदरचं पी-टच आलं आणि या यंत्रांच्या पोटात सेल गेले. माझं मत विचाराल तर जुनं बरं होतं, पण त्यावर लिहायला बोटांत जोर लागायचा आणि लेबलही चार अक्षरांचं सुचायचं.

कधीकधी सगळं ठीक असतं, पण अक्षरं मुंगीएवढी येतात, उभी येतात किंवा आरशातल्यासारखी उलटी येतात. कोणीतरी सेटिंगमध्ये शिरून गेलेलं असतं. कोण, हे कळणार नाही, शोधू नये. मशीन मूळ स्थितीत आणायची युक्ती पुस्तिकेत असते. काही मशीनांत शिफ्ट आणि आर ही बटणं धरून चालू करावं लागतं. पुस्तिका सापडणार नाही, ती खरेदीच्या फाईलमध्ये देयकासोबत लावलेली आहे आणि फाईल अभिलेख कक्षात गेलेली आहे. राजभाषा अधिनियम १९६४ चा असला तरी साध्या मशीनवरची बटणं रोमन लिपीचीच असतात, तेव्हा "मराठी येत नाही" ही तक्रार दुरुस्तीत मोडत नाही. फोनला जोडता येणारं मशीन असेल तर देवनागरी छापता येते, फक्त तो फोन कोणाचा, यावर पुन्हा टिपणी होईल.

हे सगळं वाचून एवढं करायचं कोणी, असा प्रश्न पडला असेल. प्रत्येक कार्यालयात एक कंत्राटी ऑपरेटर असतो. प्रिंटर, वायफाय, साहेबांच्या मुलीचा प्रवेश अर्ज, सगळं तोच पाहतो. लेबल मशीन त्याच्याकडे दिलं की तो विचारतो, "सेल बघितले का?" आणि उत्तर यायच्या आत त्यानं झाकण काढलेलं असतं. त्याचं ज्ञान आपल्यापेक्षा फार जास्त असतं असं नाही. जडसंग्रह नोंदवहीत त्याच्या नावावर एकही वस्तू नाही, एवढाच फरक.

ऑपरेटरनंही हात टेकले तर मशीन निर्लेखनासाठी प्रस्तावित करावं. प्रस्ताव मंजूर होईपर्यंत ते कपाटात राहील, आणि तो काळ लहान नसतो. म्हणून ठेवण्यापूर्वी सेल आवर्जून काढून ठेवावेत, नाहीतर ते आत गळून पत्र्यांवर पांढरी भुकटी चढते आणि दुरुस्त होण्यासारखं मशीनही खरंच मरतं. काढलेले सेल केराच्या टोपलीत न टाकता वापरलेल्या बॅटऱ्यांच्या संकलनात द्यावेत. मशीन कोणाच्या ताब्यात दिलं त्याची सही घ्यावी, आणि सेल वेगळे दिले असतील तर त्यांची वेगळी.