टाकी चकाचक करून देणाऱ्या मान्यवरांस

श्री. रा. रा. मत्स्यपेटी-स्वच्छताचार्य यांसी,

 

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपण आमच्या सोसायटीत येता. एक जाळी, एक टब आणि तारेची घासणी, एवढ्या साधनांनिशी घरोघरच्या फिशटँकांचा कायापालट करून जाता. आपले आभार कोणत्या शब्दांत मानावेत हेच कळत नाही. आपण गेल्यावर काच अशी लख्ख दिसते की पाहुणे थबकून पाहतात. मासे दोन दिवसांत मरतात, पण तोवर पाहुणे गेलेले असतात.

सर्वप्रथम, टाकीतले सगळेच्या सगळे पाणी मोरीत ओतून देण्याच्या आपल्या औदार्याबद्दल कृतज्ञता. ‘थोडे जुने पाणी राहू द्या ना,’ असे आम्ही चाचरत सुचवले, तेव्हा ‘घाण पाण्याचा कसला मोह, साहेब?’ असे आपण प्रेमाने समजावलेत. आपल्या या निर्मोही वृत्तीपुढे आम्ही निरुत्तर झालो.

त्यानंतर आपण फिल्टरचा स्पंज नळाच्या धारेखाली धरता. तो क्षण पाहण्यासारखा असतो. स्पंज पिळला की तपकिरी, चिकट पाणी आपल्या बोटांमधून ओघळते. आपण दोनदा पिळता, चारदा पिळता, मग थोडी कपड्यांची पावडर लावता आणि पाणी अगदी पांढरे येईपर्यंत थांबत नाही. ‘बघा, किती घाण होती,’ असे म्हणताना आपल्या चेहऱ्यावर जे समाधान असते, त्याला तोड नाही.

महोदय, ती घाण म्हणजेच आमची टाकी होती. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अखंड अमोनिया उतरत असतो, आणि तो माशांना विष आहे. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. तेही विषच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे मासे बऱ्याच प्रमाणात सोसू शकतात. सेर्गेई विनोग्राद्स्की यांनी 1890 च्या सुमारास मातीतून असे जिवाणू वेगळे काढून दाखवले. गोड्या पाण्याच्या टाकीत नायट्राइटचे काम नायट्रोस्पिरा गटातले जिवाणू करतात, हे टिमोथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली मांडले. हे जीव पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते स्पंजला, खडीला, काचेला चिकटून राहतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे जातात. आपण ती दोन मिनिटांत धुऊन काढता, आणि वर तारेच्या घासणीने काचही घासता, म्हणजे कोणी चुकूनमाकून उरायला नको. आपली ही चिकाटी वाखाणण्याजोगी आहे.

नळाच्या पाण्यावरील आपल्या श्रद्धेलाही वंदन. महापालिका ते पाणी आपल्यासाठी निर्जंतुक करते. भारतीय मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असायला हवे. आपण ते पाणी पितो आणि आपले काही बिघडत नाही. मासा मात्र त्याच पाण्यातून श्वास घेतो आणि त्याच्या कल्ल्यांची त्वचा अतिशय पातळ असते. क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेटचे थेंब लागतात. ते आपल्या दुकानातच ‘अँटिक्लोर’च्या बाटलीत मिळतात आणि काम क्षणात होते. आपण ती बाटली विकता, वापरत मात्र नाही. तेही नको असेल तर पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवले तरी साधा क्लोरीन उडून जातो. पण आपल्याला अकरा वाजता पुढच्या घरी जायचे असते.

मे महिन्यातली आपली सेवा तर विसरणे अशक्य. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी हाताला चटका देते, हे आमच्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. आपण तेच पाणी सरळ टाकीत सोडलेत. जानेवारीत सकाळच्या गारठलेल्या पाण्याने भरपाईही केलीत. त्या गारठ्यानंतर एंजल माशांच्या अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके उमटले. पाणी एकाएकी थंड पडले की मासा अशक्त होतो आणि हा रोग डोके वर काढतो. आपण लगोलग निळे औषध आणून दिलेत. सगळी टाकी शाईसारखी निळी झाली. त्या मेथिलिन ब्ल्यूने उरलेसुरले उपयोगी जिवाणूही गेले. आपल्या सेवेत कुठेही कसूर राहत नाही.

आणि मग तो गोल्डफिश. आपण गेल्यावर संध्याकाळी तो पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून होता. कल्ले सताड उघडे, त्यांच्या कडा लाल, अंगावर पांढुरका बुळबुळीत पडदा, आणि दर खेपेला तोंड उघडून हवेचा घोट. एअर पंप जोरात चालू होता. हवा कमी नव्हती, कल्लेच भाजले होते. आम्ही आपल्याला फोन केला. आपण अत्यंत आपुलकीने म्हणालात, ‘या वेळचा लॉटच कमजोर आला आहे.’ त्याच आपुलकीने पुढच्या रविवारी नवे दोन मासे प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन आलात आणि त्यांचे पैसे घेऊन गेलात.

नीट सांभाळला तर गोल्डफिश दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. आमच्या इमारतीत तो वर्षभरही टिकत नाही, आणि प्रत्येक घरात लोक म्हणतात, ‘आमच्या हाताला मासे लाभत नाहीत.’ महोदय, हे वाक्य ऐकून मला संताप येतो. माणसे स्वतःला दोष देतात, मुले रडतात, रिकामी टाकी माळ्यावर जाते, आणि कारण होते एक घासणी आणि एक उघडा नळ.

आपल्यासारख्या अधिकारी पुरुषाला काही सांगणे म्हणजे धृष्टता, तरी ती करतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा टाकीत काठोकाठ सुमारे 55 लिटर पाणी मावते. खडी आणि वरची मोकळी जागा वगळली तर साधारण 45. त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे अकरा-बारा लिटर, आठवड्यातून एकदा बदलायचा. एक बादलीसुद्धा पुरती भरत नाही.

आधी हीटर आणि फिल्टर बंद करायचे. गरम हीटर पाण्याबाहेर उघडा पडला तर त्याची काच तडकते. बादली टाकीपेक्षा खाली, जमिनीवर. एका टोकाला रुंद नळकांडे असलेला पाइप टाकीतच बुडवून पाण्याने भरून घ्यायचा, दुसऱ्या टोकावर अंगठा दाबून ते बादलीत सोडायचे आणि अंगठा काढायचा. तोंडाने ओढायची गरज नाही, ते पाणी पोटात जाता कामा नये. नळकांडे खडीत खुपसले की खडी आत गोल फिरते, जड म्हणून परत खाली बसते, आणि तिच्यातली विष्ठा, उरलेले खाद्य, कुजलेली पाने वर उचलली जाऊन पाइपातून निघून जातात. खडी फार वर चढू लागली की पाइप चिमटीत दाबायचा, ती खाली येते. मग शेजारची जागा. या आठवड्यात अर्धी खडी, पुढच्या आठवड्यात उरलेली. मासे बाजूला सरकून हे सगळे पाहत राहतात, त्यांना जाळीत धरायचे कारणच पडत नाही.

स्पंज याच बादलीतल्या जुन्या पाण्यात दोनदा हलका दाबायचा. तपकिरी राहिला तर राहू द्यायचा. नवे पाणी दुसऱ्या बादलीत, जिला साबण कधीच लागलेला नाही. त्यात अँटिक्लोर टाकायचे, हात घालून टाकीच्या पाण्याइतकेच कोमट किंवा गार आहे ना ते पाहायचे, आणि खडीवर बशी ठेवून तिच्यावर सावकाश ओतायचे. काढलेले पाणी कुंड्यांना घालावे, त्यातले नायट्रेट झाडांना खतच आहे.

एवढ्याशा पाण्याने काय होणार, असे आपण विचाराल. समजा, टाकीत दर आठवड्याला लिटरमागे 10 मिलिग्रॅम नायट्रेट वाढते. नेमाने चौथाई पाणी बदलत गेले तर बदलण्यापूर्वीचा आकडा कालांतराने 40 वर स्थिरावतो, निम्मे बदलले तर 20 वर. गाळ काढत राहायचे, खाद्य बेताने घालायचे, माशांची गर्दी करायची नाही. एवढे केले तर टाकी महिनोन् महिने पुरती रिकामी करावी लागत नाही.

उलट बरेच दिवस न बदललेले पाणी हळूहळू आम्लधर्मी होते आणि त्यात साठलेला अमोनिया बव्हंशी अमोनियमच्या सौम्य रूपात राहतो. अशा टाकीत एकदम बोअरचे क्षारयुक्त पाणी भरपूर ओतले, की पीएच वर जातो आणि तेच सौम्य रूप पुन्हा जहाल होते. म्हणून वर्षभर हात न लावलेल्या टाकीचे पाणीही एका दमात बदलायचे नसते, दर दोन-तीन दिवसांनी थोडे थोडे बदलायचे असते. आपण अशाच टाक्यांवर सर्वाधिक मेहनत घेता.

आता विनंती. पुढच्या रविवारी अवश्य यावे. मेहनताना ठरला आहे तेवढाच मिळेल, त्यात एक पैसा कपात नाही. पाइप आमच्याकडे आहे, दोन कोऱ्या बादल्याही आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आणि दुसऱ्या मजल्यावरची मुलेही पाहायला येणार आहेत, कारण त्यांच्या टाक्याही यापुढे याच रीतीने साफ व्हायच्या आहेत. आपण चौथाई पाणी काढावे, स्पंज बादलीत दाबावा, चहा घ्यावा.

घासणी आणि जाळी मात्र दुकानातच ठेवून यावी.

कळावे, लोभ असावा.

आपल्या सेवेचा एक लाभार्थी