उतार आहे, बर्फ तेवढा हवा

भोपाळला उताराची वाण नाही. श्यामला हिल्स, ईदगाह हिल्स, अरेरा हिल्स... कुठल्या रस्त्यावर स्कूटर बंद करून पेट्रोल वाचवता येतं, हे जुन्या भोपाळकरांना तोंडपाठ असतं. म्हणूनच मिनेसोटातल्या भाच्याने परसात बर्फ पाडून त्यावरून मुलं घसरवल्याचा व्हिडिओ धाडला, तेव्हा भेलमधून निवृत्त झालेल्या मामांना त्यात फार काही अवघड वाटलं नाही. उतार आपल्याकडे आहेच. बर्फ तेवढा करायचा.

भाच्याचं यंत्र साधं होतं. गाडी धुवायचा प्रेशर वॉशर, हवेचा कॉम्प्रेसर आणि दोन-चार पितळी नोझल. दाबातली हवा बाहेर पडताना फुगते आणि एकदम गार होते. तिच्यासोबतचे पाण्याचे बारीक कण गोठतात. त्यांना बीज मानून उरलेले तुषार जमिनीवर पडेपर्यंत गोठून जातात. ही युक्ती 1950ची. अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये स्की बनवणाऱ्या तिघांचा माल बर्फच न पडल्यामुळे दुकानात पडून होता. त्यांनी रंग मारायची स्प्रेगन, कॉम्प्रेसर आणि बागेतला पाइप जोडून स्वतःच बर्फ पाडला. गिऱ्हाईक येत नाही म्हणून ऋतूच बदलून टाकणारा दुकानदार मामांना मनापासून आवडला.

“मामा, पण वेट बल्ब उणे दोनच्या खाली गेला पाहिजे हं,” भाच्याने फोनवर बजावलं.

वेट बल्ब म्हणजे थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळल्यावर दिसणारं तापमान. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून कोरड्या हवेत हा ओला पारा खाली उतरतो. भोपाळमध्ये हे कुणाला शिकवावं लागत नाही. मे महिन्यात 42 अंशांत खिडकीतला वाळ्याचा कूलर याच जोरावर घर राखतो. पण कोरड्यातल्या कोरड्या दुपारीही तो ओला पारा विशीच्या आसपासच अडतो. राहिला हिवाळा. शहराचा नीचांक म्हणून सांगितला जातो तो 18 जानेवारी 1935चा, 0.6 अंश. त्या पहाटे हवा पुरेशी कोरडी असती तर ओला पारा उणे दोनला टेकलाही असता. मात्र स्नोगनचा शोध लागायला तेव्हा पंधरा वर्षं बाकी होती. मामांनी हे भाच्याला अशा सुरात सांगितलं, की चूक अमेरिकेची वाटावी.

निसर्ग साथ देत नाही म्हटल्यावर मामा कागद-पेन्सिलीकडे वळले. वीस मीटर लांब, तीन मीटर रुंद, फूटभर जाड उतार. एक घनमीटर यांत्रिक बर्फाला साधारण 400 ते 500 लिटर पाणी लागतं, म्हणजे सगळे मिळून आठेक हजार लिटर. एसीचा ‘टन’ मुळात बर्फावरूनच आलेला: चोवीस तासांत एक अमेरिकी टन, म्हणजे 907 किलो, शून्य अंशाचं पाणी गोठवण्याची ताकद. त्या हिशेबाने दीड टनाचे सहा एसी दिवसभरात काम फत्ते करतील! मामा खुशीत आले.

“आपला एसी सोळाच्या खाली जातो का हो?” मामींनी कणीक मळता मळता विचारलं. “आणि टँकरवाल्याला काय सांगणार? घसरायला पाणी हवंय म्हणून?”

मग थंडीशिवायचा बर्फ शोधणं आलं. 1927च्या नोव्हेंबरात व्हिएन्नाच्या जुन्या वायव्य रेल्वे स्थानकात धुण्याच्या सोड्यापासून केलेल्या बर्फावर स्कीइंग सुरू झालं होतं. उद्घाटन करून निघालेल्या महापौर कार्ल झाइट्स यांच्यावर कुणीतरी गोळ्या झाडल्या. ते बचावले, पण हिमप्रासाद काही महिन्यांतच गुंडाळला गेला. दुसरा उपाय सोडियम पॉलिअॅक्रिलेटचा. बाळाच्या डायपरमधली ही भुकटी आपल्या वजनाच्या शेकडो पट पाणी पिऊन पांढरीशुभ्र फुगते. मामींनी दोन्ही उपाय एका वाक्यात निकालात काढले: “सोडा माझ्या कपड्यांचा आणि डायपर नातवाचे!”

शेवटी मामांच्या मदतीला इतिहास धावून आला. सर रॉबर्ट बार्कर या इंग्रज सेनाधिकाऱ्याने 1775 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे अलाहाबादचा बर्फ मांडला. उथळ खड्ड्यांत ऊस-मक्याची वाळकी चिपाडं पसरायची, त्यावर मातीची उथळ परळं ठेवायची आणि संध्याकाळी त्यांत उकळून गार केलेलं पाणी ओतायचं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पाण्यातली उष्णता थेट आकाशात निघून जाते. हवा शून्याच्या वर असली तरी पहाटे परळांत पातळ बर्फ धरतो, आणि तो सूर्योदयाआधी गोळा करावा लागतो. कूलर नाही, कॉम्प्रेसर नाही, वीजबिल तर नाहीच नाही.

मामांनी लगोलग गच्चीवर पेंढा अंथरला. जानेवारीतली एक कडाक्याची, स्वच्छ रात्र गाठून कुंभाराकडच्या परळांची रांग मांडली आणि कानटोपी घालून पहाटे चारला वर गेले. कडेच्या एका परळात खरोखरच साय धरल्यासारखा तुकडा तरंगत होता. त्यांनी तो धावतपळत खाली आणला आणि मोठ्या समारंभाने मामींच्या ग्लासात सोडला.

“सरबत कर!”

“या थंडीत? चहा टाकते,” म्हणत मामींनी ग्लास गॅसवरच्या भांड्यात उपडा केला.