तारल्यांची पंगत

मेक्सिकोच्या मॅग्डालेना उपसागराबाहेर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पट्टेदार मार्लिन मासे तारल्यांच्या थव्यांवर तुटून पडतात. वर फ्रिगेट पक्षी घिरट्या घालताना दिसले की नावाडी होडी पिटाळतो आणि हजारो डॉलर मोजलेली मंडळी तोंडात नळी धरून धडाधड उड्या टाकतात. निसर्गात ढवळाढवळ करायची नाही, ही सूचना तोवर देऊन झालेली असते. घाबरलेल्या तारल्या आडोसा शोधतात. भर समुद्रात आडोसा कुठला? पर्यटकाच्या पोटाखाली! मागोमाग भाल्यासारखी चोच रोखून मार्लिन. या गोंधळाला माहितीपत्रकात ‘निसर्गाशी एकरूप होणे’ म्हणतात. फोटोत फक्त शेजारच्या होडीवाल्यांचे पाय येता कामा नयेत. निर्जन महासागरात ते शोभत नाहीत.