विंचू खाण्यापूर्वी वाचावे

परदेशात जाऊन चमत्कारिक पदार्थ खाणे हे अलीकडच्या मराठी मध्यमवर्गाचे एक प्रमुख व्रत आहे. त्याला अधिकारी आहे, काल आहे, विधी आहे, निषेध आहेत आणि उद्यापनही आहे. नाही ती फक्त पोथी. ती नसल्यामुळे बँकॉकच्या खाओ सान रोडवर कित्येक भाविक हातात विंचवाची काडी घेऊन भांबावलेले दिसतात. प्रस्तुत लेखाने ही उणीव भरून निघावी.

प्रथम अधिकारी. ज्याला घरी सगळे चालते तो या व्रताला पात्र नाही. त्याने परदेशात काही खाल्ले तर त्यात तप ते कसले? खरा अधिकारी म्हणजे आमचे भावोजी. भावोजींना कारलं चालत नाही. शेपू स्वयंपाकघरात आला की ते गॅलरीत जाऊन बसतात. आमटीतला कढीपत्ता ताटाच्या काठाशी ओळीने लावून ठेवतात. ताईने एकदा दुधीत मुगाची डाळ घातली, तर “आज हे काय नवीन?” असं विचारून त्यांनी दहीभातावर भागवलं. विमान उडालं की या गृहस्थांच्या जिभेला पंख फुटतात.

पूर्वतयारीविषयी थोडक्यात. सहल गटानेच करावी. गटात दोन्ही वेळा पिवळी डाळ, पनीर आणि गुलाबजाम मिळतात, त्यामुळे बाहेर धाडस करायला माणूस मोकळा राहतो. शिवाय बॅगेत खाकरे, मेतकूट, दाण्याची चटणी आणि डिंकाचे लाडू असावेत. लोणच्याची बाटली मात्र चेक-इन बॅगेतच ठेवावी. केबिन बॅगेत ठेवली तर शंभर मिलिलिटरचा नियम दाखवून ती काढून घेतात आणि वर आपल्याकडेच संशयाने बघतात.

आता काल. याबाबत शास्त्रात मोठी पोकळी आहे. भावोजी मंगळवारी सामिष खात नाहीत. आम्ही बँकॉकला होतो ती नेमकी मंगळवारची रात्र, दुसऱ्या दिवशी पहाटे पट्टायाची बस. विंचू खायचा तर आजच, आणि आज तर मंगळवार. धर्मसिंधूत संकष्टीच्या चंद्रोदयापासून सगळ्याचा निर्णय आहे, तळलेल्या विंचवाचा नाही. भावोजी हॉटेलच्या लॉबीत बराच वेळ येरझारा घालत होते. मग त्यांनी स्वतःच निर्णय दिला की वार स्थानिक धरावा, आणि टॅक्सी करून आम्ही सगळे बारा वाजायची वाट बघत खाओ सान रोडवर विंचवाच्या एका गाडीसमोर उभे राहिलो. बारा वाजून पाच मिनिटांनी त्यांनी काडी हातात घेतली.

ताई म्हणाली, “थायलंड दीड तास पुढे आहे. डोंबिवलीत अजून मंगळवारच चाललाय.”

“मी डोंबिवलीत आहे का?” भावोजी म्हणाले.

याला उत्तर नाही. तेव्हा, वार स्थानिक धरावा.

विधीचा भाग नीट लक्ष देऊन वाचावा, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. त्या गाड्यांवर काडीला टोचलेले विंचू पुढे मांडलेले असतात आणि पाटी असते की फोटो काढायचा असेल तर 10 बाट. यावरूनच ओळखावे की विंचू हा मुख्यतः पाहुण्यांसाठी मांडलेला देखावा आहे. थाई माणूस त्याच्या वाटेला क्वचितच जातो. तो मागच्या ताटांतून घेतो: रातकिडे, नाकतोडे, बांबूतल्या पांढऱ्या अळ्या, रेशीमकिड्याचे कोश. हे बहुतांशी ईशान्येकडच्या इसान भागातलं नेहमीचं खाणं. तिकडची माणसं कामधंद्यासाठी बँकॉकला आली आणि त्यांच्यामागोमाग या गाड्या आल्या. रातकिड्यांची तर रीतसर शेती होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने 2013 मध्ये थायलंडमधली अशी सुमारे 20 हजार शेतं नोंदवली होती. म्हणजे आपण ज्याच्यासोबत सेल्फी काढतो ते तिथल्या शेतकऱ्याचं पीक आहे.

तर, सुरुवात बांबूच्या अळीपासून करावी. ती बारीक, कुरकुरीत असते आणि तिचे पाय नजरेत भरत नाहीत, हे मनाच्या दृष्टीने महत्त्वाचे. मग रातकिडा. नाकतोडा घेतला तर मागच्या तंगड्या आणि पंख आधी काढून टाकावेत, तंगड्यांना काटे असतात आणि ते घशात टोचतात. गाडीवाली वरून सोया सॉसचा फवारा मारते आणि पांढऱ्या मिऱ्याची पूड भुरभुरते. ती नको म्हणू नये, निम्मी चव तिचीच. ताटात कालपासून निपचित पडलेला माल घेऊ नये. कामावरून सुटलेल्या मुली जिथे थांबून पिशवी भरून नेतात ती गाडी धरावी. आणि ज्याच्या अंगावर कोळंबीने गांधी उठतात त्याने या सगळ्यापासून लांबच राहावे. हा विनोद नाही. किडे आणि कोळंबी दूरचे नातलग, आणि त्रास देणारं प्रथिनही बहुधा तेच.

विंचूच खायचा हट्ट असेल तर भिण्याचे कारण नाही. त्याचं विष प्रथिनांचं असतं, तळताना निकामी होतं. भावोजींना हे मी दोनदा सांगितलं. तरी त्यांनी नांगी माझ्या हातात दिली.

छायाचित्र हे या व्रताचे मुख्य अंग. विंचू ओठांपासून बोटभर अंतरावर, डोळे मोठे, दुसऱ्या हाताचा अंगठा वर. “गाडीवाली हसतेय ती पण आली पाहिजे,” भावोजी सांगत होते. ती हसत नव्हती, तिला दुकान आवरायचं होतं. चवीबद्दल कोणी विचारले तर “चिकनसारखी” असे सांगण्याची पद्धत आहे. जगातल्या सर्व प्राण्यांची चव चिकनसारखी असेल तर कोंबडीच खावी, स्वस्त पडते.

पण एक सांगतो. फोटो झाल्यावर भावोजींनी उत्साहाच्या भरात रेशमाच्या कोशांचा एक मोठा द्रोण घेतला. तो नवशिक्याने घेऊ नये. कोश बाहेरून कुरकुरीत वाटला तरी आत पिठूळ, मऊ असतो. पहिल्या घासाला त्यांचा चेहरा पडलेला मी बघितला. शेजारी कचऱ्याचा डबा होता, गाडीवालीची पाठ वळलेली होती, आणि ताई तर म्हणालीच, “टाका हो.” त्यांनी मान हलवली. अन्न टाकायचं नाही, हे त्यांच्या आईने शिकवलेलं. फुटपाथवर उभं राहून एकेक कोश उचलत त्यांनी तो द्रोण संपवला, मधूनमधून पाणी पीत. त्याचा फोटो कोणीच काढला नाही, त्यांनीही काढायला सांगितला नाही.

असो. मूळ विषयाकडे वळू.

ड्युरियन. सिंगापूरच्या मेट्रोत या फळावर फुली मारलेलं चित्र असतं आणि तिकडच्या अनेक हॉटेलांत ते खोलीवर आणायला बंदी असते, यातच त्याचा मोठेपणा आला. भावोजी मूळचे राजापूरकडचे, त्यामुळे काटे बघताच त्यांनी “हा तर आपला फणस!” असं जाहीर करून टाकलं. वनस्पतिशास्त्राला हे मान्य नाही. फणस वडा-उंबराच्या कुळातला आणि ड्युरियन भेंडी-कापसाच्या. हे सांगितल्यावर भावोजींचा चेहरा असा उतरला, जणू आपल्या घराण्यात कोणी दत्तक निघाला. भेंडीही त्यांना चालत नाही.

ड्युरियन दुकानातच बसून खावे, म्हणजे हॉटेलशी भांडण होत नाही. थायलंडमध्ये फळ झाडावरून जरा आधी उतरवतात, त्यामुळे गर घट्ट आणि वास सौम्य. तिथला मोनथाँग हा प्रकार नवख्याला बरा. मलेशियात ते पिकून आपोआप पडेपर्यंत थांबतात. तिथला मुसांग किंग गडद पिवळा, चिकट, गोडामागून किंचित कडू, आणि किंमत ऐकून बसायला खुर्ची मागावी असा. जून ते ऑगस्ट हा तिकडचा भरात असलेला हंगाम. सोबत मँगोस्टीन खावं, एक उष्ण आणि एक थंड असा त्यांचा हिशेब आहे, आपल्या आजीला तो लगेच पटला असता. दारूबरोबर खाऊ नये असं तिकडची जुनी माणसं बजावतात.

भावोजींनी इथे नाकाला रुमाल लावला. आणि ताई? ताईने अख्खा गर खाल्ला, बी चाटूनपुसून स्वच्छ केली, ती उलटसुलट करून बघितली आणि दुकानदाराला खुणेने विचारलं, “आठळ्या उकडून खाता का हो?” तो आधी चमकला, मग खुलला. खातात म्हणाला. मग दोघं एकमेकांची भाषा न कळता बराच वेळ स्वयंपाकाबद्दल बोलत होती. ताईचा एकही फोटो नाही. परत आल्यावर तिला कोणी विचारलंही नाही की तू काय खाल्लंस.

रुमालाविषयी नियम: यजमानासमोर नाकाला रुमाल लावू नये. वर्सोव्याला बोंबील वाळत घातलेले असताना कोणी पाहुण्याने लावला तर आपल्याला कसं वाटतं ते आठवावं.

जपानात हॉटेलच्या न्याहारीला पांढऱ्या थर्माकोलच्या डबीत नात्तो मिळतो. वाफवलेल्या सोयाबीनवर जिवाणू सोडून ऊबेत आंबवलेला, तारा सुटणारा. सॉस आधी ओतू नये, आधी घोटावा. किताओजी रोसानजिन नावाचे तिकडचे मोठे खवय्ये आणि कुंभकलावंत होऊन गेले. नात्तो 424 वेळा घोटावा असा त्यांचा दंडक सांगतात, 305 वेळा कोरडा आणि उरलेला सॉस घातल्यावर. आवडला नाही तर लाजू नये, ओसाकाकडच्या बऱ्याच जपानी माणसांनाही तो आवडत नाही. साके गाळणारे कारागीर तर हंगामात त्याला शिवत नाहीत, त्यातले जिवाणू साकेच्या बुरशीत घुसतात म्हणून.

स्वीडनच्या आंबवलेल्या हेरिंगचा फुगलेला डबा घरात उघडू नये. जर्मनीत 1981 साली एका भाडेकरूने त्यातलं पाणी जिन्यात सांडलं म्हणून घरमालकाने त्याला तडकाफडकी घराबाहेर काढलं. प्रकरण कोर्टात गेलं, तिथे घरमालकाच्या बाजूने पुरावा म्हणून एक डबा उघडण्यात आला, आणि निकाल घरमालकाच्या बाजूने लागला.

परतल्यावर कथन. हे सोसायटीच्या कट्ट्यावर, रात्री जेवणानंतर करावे. ऐकणाऱ्यांची पोटं भरलेली असतात. भावोजींनी विंचू चांगला रंगवला. नांगी माझ्या हातात दिल्याचा उल्लेख नव्हता. समोरच्या विंगमधले एक निवृत्त मास्तर शांतपणे ऐकत होते. त्यांची उमेदीची वर्षं भामरागडला गेली. ते म्हणाले, “माडिया लोक लाल मुंग्यांची चटणी करतात. मिरची-मीठ घालून वाटतात. आंबट लागते. मी पुष्कळ खाल्ली.”

कट्टा गप्प झाला. गडचिरोलीला जायला पासपोर्ट लागत नाही, हे सगळ्यांना एकदम आठवलं असावं. मुंग्यांतल्या आम्लाने तो आंबटपणा येतो, आणि ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच चटणीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, असं मी हळूच पुरवलं. भावोजी थोडा विचार करून म्हणाले, “पण तळत नाहीत ना?”

शेवटी उद्यापन, म्हणजे नातेवाइकांना भेटवस्तू देणे. या बाबतीत नियम एकच: जो पदार्थ आपण स्वतः घरात ठेवू शकत नाही, तो दुसऱ्याच्या घरी ठेवू नये. भावोजी, पाणढेकणाची ती थाई चटणीची बाटली तुम्ही “ताईला वास सहन होत नाही” म्हणून आमच्या फ्रिजच्या दारात ठेवून गेलात. ताईला विचारलं, ती म्हणते तिला चालते, तुम्हालाच चालत नाही. येत्या मंगळवारी येऊन घेऊन जा. मंगळवार टाळायचा असेल तर शनिवारी आलात तरी हरकत नाही.