तळं नव्हे, जलाशय

मेहुण्याने फोनवर फोटो दाखवला. निळंशार पाणी, काठावर केशरी तंबू, आणि तंबूच्या दारात कॉफीचा मग धरून बसलेली एक मुलगी. तिच्या आसपास एकही डास नव्हता.

"दाजी, पवना लेक! माणशी बाराशे. त्यात भजी, बार्बेक्यू, जेवण, शेकोटी, सकाळी पोहे. आणखी काय पाहिजे?"

"लेक नाही ते," सोफ्यावरून सासरे म्हणाले. "धरण आहे. जलाशय म्हण."

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. पाणी दिसलं की ते आधी त्याचा हुद्दा विचारतात. त्यांनी पुढे असंही सांगितलं, की पवना धरणातून सोडलेलं पाणी नदीनेच रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उचलून शुद्ध करतात आणि मग आपल्या चिंचवडच्या नळाला सोडतात. म्हणजे जे पाणी दिवसाआड आपण होऊन आमच्या घरी येतं, त्याच्या शेजारी झोपायला आम्ही चौघं ४८०० रुपये भरून निघालो होतो.

कामशेतला डावीकडे वळून पवनानगर गाठलं. जाहिरातीत एक तंबू होता, इथे साठेक होते. चाळीत निदान दोन खोल्यांमध्ये भिंत असते, इथे नुसतं नायलॉन. उजवीकडच्या तंबूत एकीने मैत्रिणीला "कुणाला बोलू नकोस हं" म्हणून एक गोष्ट सांगितली. ती आम्ही अजून कुणाला बोललेलो नाही.

समोरचा देखावा मात्र फोटोपेक्षा सरस. पाण्यापलीकडे तुंगचा सुळका, एका अंगाला तिकोना, मागे लोहगड-विसापूर. "हे चारही किल्ले १६६५ च्या पुरंदरच्या तहात गेले," अण्णा म्हणाले. "एकूण २३ दिले, १२ राखले." मी खिशातली पावती काढून आमचा तह पाहिला. आत यायचं दुपारी चारला, बाहेर पडायचं सकाळी अकराला, पैसे परत नाहीत, पाण्यात उतरायचं नाही. शेवटचं कलम अण्णांना एकदम पसंत पडलं. काठ उथळ दिसतो, पण खाली गाळ असतो आणि पाय कुठे खोल जाईल ते पाण्यालाच ठाऊक. मेहुण्याची पोहण्याची चड्डी पिशवीतच राहिली.

अंधार पडला तशी तीन कॅम्पवरचे तीन स्पीकर जागे झाले. डावीकडे पंजाबी, उजवीकडे कोळीगीतं, आणि आमच्याकडे कराओके, म्हणजे ज्याला जे येत नाही ते. रात्री दहाला भोंगे बंद करायचे असा कायदा आहे, आणि तो पाळला गेला. दहाला भोंगे बंद झाले आणि माणसं सुरू झाली.

त्या गोंगाटातून उठून मी चुलीकडे गेलो. कॅम्पवाल्याची आई भाकरी थापत होती. बार्बेक्यूच्या काडीवर कोळसा झालेल्या बटाट्यानंतर तिचं पिठलं म्हणजे माहेर होतं. "मावशी, शेत कुठं तुमचं?" मी विचारलं. तिने पिठाचा हात काळोख्या पाण्याच्या मधोमध दाखवला. "त्या तिथं. भाताची खाचरं होती सासऱ्यांची." मग तवा उतरवून म्हणाली, "अजून एक घ्या." मागे अण्णा उभे होते. सबंध सहलीत पाण्याबद्दल ते काही बोलले नाहीत, असं तेवढं एकदाच झालं.

चौघांचा तंबू म्हणजे दोन सडपातळ माणसांचा. जमिनीला उतार, त्यामुळे मध्यरात्रीपर्यंत आम्ही सगळे घरंगळत मेहुण्याच्या कोपऱ्यात जमलो. बायको म्हणाली, "बरं झालं, थंडी वाजत नाही." तीनच्या सुमाराला अण्णांच्या कपाळावर थेंब पडला. ते ताडकन उठले. "गळती!" टॉर्च लावून त्यांनी छताची इंचाइंचाने तपासणी केली आणि निष्कर्ष काढला, की हा पाऊस नव्हे. चार माणसांचा श्वास गार कापडाला लागून त्याचं पाणी होतंय. "वरची झडप उघडी ठेवायची असते. कुणी बंद केली?" केली मीच होती, डासांसाठी. उघडायला गेलो तर चेन अडकली. ती सोडवता सोडवता दाराचीच निघाली आणि नाइलाजाने मी बाहेर आलो.

पाच वाजायचे होते. स्पीकर झोपले होते, माणसं झोपली होती, कराओकेवाला तर शेकोटीच्या राखेशेजारी खुर्चीतच मान टाकून होता. डोक्यावर सप्तर्षी. पाण्यावरून वाफ निघत होती आणि तुंग तिच्यावर नुसता ठेवल्यासारखा. कुठेतरी टिटवी ओरडली. थोडं फटफटल्यावर काठाजवळ एक टिबुकली दिसली. ती बुडी मारायची, मी श्वास रोखून थांबायचो, आणि ती भलतीकडेच वर यायची. तासभर आमचं हेच चाललं होतं. बाराशेतले अकराशे मी तिच्या नावावर लिहितो. उरलेले शंभर पिठल्याच्या.

सहाला उजवीकडच्या तंबूत अलार्म वाजला. तो साडेसातपर्यंत वाजत होता.

दुपारी घरी पोचलो. कपडे चिखलाचे, केसांना धुराचा वास, पाठीत तंबूतला एक दगड अजून रुतलेला. "आधी मी," म्हणत बायको न्हाणीघरात शिरली. आतून नळाचा फुस्स असा आवाज आला आणि थांबला.

"अण्णा, पाणी कधी?"

अण्णांनी कॅलेंडर पाहिलं. पाण्याचा दिवस उद्या होता.